गोष्टीतून वाचायला-लिहायला कसं शिकवायचं : पहिली ते चौथीच्या पोरांसोबत नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

जून आला की नाशिकमध्ये बरेच नवीन लोक मुलांना शिकवायला लागतात. कोणी नुकतंच डीएलएड करून शाळेवर रुजू झालेलं असतं, कोणी कॉलेजमधून एनएसएसतर्फे (राष्ट्रीय सेवा योजना) सातपूर-अंबडच्या वस्तीत शिकवायला जातं, कोणी रिटायर झालेले काका-काकू असतात आणि कोणी आपल्याच घरातल्या पोराला घेऊन बसलेली आई. सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो, की मुलगा अक्षरं ओळखतो, बाराखडी घडाघडा म्हणतो, पण पुस्तक समोर ठेवलं की एकेक अक्षर सुटं सुटं म्हणतो आणि ओळ संपेपर्यंत सुरुवातीला काय होतं तेच विसरतो.

यावर माझं उत्तर गोष्ट हेच आहे, पण नुसती सांगून सोडून दिलेली गोष्ट नाही. बहुतेक ठिकाणी काय होतं तर बाई गोष्ट सांगतात, पोरं ऐकतात, मग "तात्पर्य काय?" आणि विषय संपला. पोरांना मजा येते पण त्यातून वाचायला काही येत नाही. गोष्ट बाईंच्या तोंडून निघून पोरांच्या तोंडात गेली पाहिजे, तिथून फळ्यावर आली पाहिजे आणि फळ्यावरून त्यांच्या स्वतःच्या कागदावर. हा सगळा प्रवास एकाच गोष्टीवर आठवडाभर करायचा. रोज नवीन गोष्ट सांगायची अजिबात गरज नाही.

पायरी १ : गोष्ट निवडा

पहिली-दुसरीसाठी अशी गोष्ट घ्या ज्यात एक वाक्य परत परत येतं. आपल्याकडे अशा गोष्टींची खाण आहे. "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" घ्या, "चिऊताई चिऊताई दार उघड" घ्या, नाहीतर राजाने टोपी घेतली म्हणून ढोल वाजवत फिरणारा उंदीर घ्या. या गोष्टी टाइमपास म्हणून टिकलेल्या नाहीत, त्यांच्या रचनेतच शिकवणं आहे. तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं की वर्गातलं सगळ्यात गप्प पोरगंही तुमच्या आधी ते म्हणून टाकतं, आणि मग दोन दिवसांनी तेच वाक्य फळ्यावर दिसलं की त्याला ते काय आहे हे आधीच माहीत असतं, फक्त तोंडातला शब्द आणि डोळ्यासमोरचा शब्द यांची जोडी लावायची राहते. वाचायला शिकणं म्हणजे सुरुवातीला बरंचसं हेच असतं.

तिसरी-चौथीला थोडी अडचण असलेली गोष्ट लागते, कोणीतरी पेचात सापडलंय आणि आता काय करणार असं. इथे नाशिकचा फार उपयोग होतो. गोदावरीला पूर आला की पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं हे अख्खं गाव विचारतं, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत, आता ह्यात रामकुंडावर फुलं विकणारी एक मुलगी घाला आणि तिची टोपली वाहून जायला लागली म्हणा, झाली गोष्ट तयार. रंगपंचमीच्या रहाडी (रंगाच्या पाण्याचे मोठे हौद), लासलगावला कांद्याचा लिलाव, नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात येणारे पाहुणे पक्षी, शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून गावाला नाव पडलं ती पंचवटीतली कथा, सगळं चालतं. पोरांनी जे बघितलंय त्याबद्दल त्यांच्याकडे शब्द असतात, आणि आपल्याला तेच हवे आहेत.

गोष्ट पाच-सात मिनिटांच्या वर नको. पात्रं तीन-चारच ठेवा. आणि काळ्या रंगावरून, जाडेपणावरून, सावत्र आईवरून हसायला लावणाऱ्या गोष्टी सरळ बाजूला ठेवा, वर्गात ज्याच्यावर ते बेततं ते पोर त्यानंतर आठवडाभर तोंड उघडत नाही.

पायरी २ : बघून वाचू नका, सांगा

पुस्तकातून वाचून दाखवणं हीपण चांगली गोष्ट आहे आणि ती रोज करा, पण या कामासाठी सुरुवातीला हात मोकळे आणि डोळे पोरांकडे पाहिजेत. पाठ करायची नाही. आधी काय झालं, मग काय झालं, शेवटी काय झालं एवढं डोक्यात बसवा आणि ते परत येणारं वाक्य तेवढं शब्दाला शब्द पक्कं करा. घरी दोन-तीन वेळा मोठ्याने सांगून बघा, आरशासमोर नाही तर घरातल्या कोणासमोर, म्हणजे कुठे अडतं ते कळतं.

पोरांना अर्धगोलात बसवा, तुम्हीपण खाली बसा. आवाज चढवण्यापेक्षा उतरवा, आवाज बारीक झाला की वर्ग आपोआप पुढे सरकतो. वाघ येण्याच्या जरा आधी थांबा आणि विचारा "आता काय होईल?" दोन-तीन उत्तरं घ्या, कोणाचं बरोबर ते सांगू नका, गोष्ट पुढे न्या. अंदाज बांधायची ही सवय पुढे वाचताना फार कामाला येते, कारण चांगला वाचणारा माणूस पुढे काय येणार याचा अंदाज घेतच वाचत असतो.

अवघड शब्द आला की थांबून अर्थ सांगत बसू नका. "लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन लठ्ठ होऊन येते" म्हणताना गाल फुगवून दाखवा, लठ्ठ कळलं. एका गोष्टीत असे तीन-चार नवे शब्द पुरे.

भाषेचं एक महत्त्वाचं. आपल्या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडच्या पोरांची घरची भाषा कोकणा असते, मालेगाव-सटाण्याकडची पोरं घरी अहिराणी बोलतात आणि एमआयडीसीच्या बाजूच्या शाळांमध्ये अर्धा वर्ग घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलतो. पोरगं "मनी माय" म्हणालं तर "माझी आई म्हण" असं लगेच टोकू नका. त्याला बोलू द्या, तुम्ही पुढच्या वाक्यात सहज "हो का, तुझी आई म्हणाली?" म्हणा, त्याला दोन्ही मिळतं. जमलं तर गोष्टीतलं ते परत येणारं वाक्य वर्गातल्या एखाद्या पोराकडून त्याच्या भाषेत करून घ्या आणि सगळ्या वर्गाला म्हणायला लावा. घरच्या भाषेला मान मिळाला की शाळेच्या भाषेची भीती बरीच कमी होते.

आणि शेवटी तात्पर्य विचारू नका. खरंच नका विचारू. "खोटं बोलू नये" हे उत्तर पोरांना गोष्ट न ऐकताही येतं. त्याऐवजी ज्याचं उत्तर तुम्हालाही ठरवता येणार नाही असं काहीतरी विचारा. म्हातारीने वाघाला फसवलं, बरोबर केलं का? वाघाला भूक लागली होती, मग त्याने काय खायचं? चिमणी कावळ्याला एवढा वेळ पावसात उभं ठेवते, तुम्ही ठेवलं असतं का? यावर पोरं भांडतात, कारणं देतात, "कारण", "म्हणून", "पण", "जर" असे जोडणारे शब्द वापरतात, आणि हेच शब्द पुढे त्यांच्या लिखाणात दिसायला लागतात.

पायरी ३ : पोरांकडून गोष्ट परत घ्या

नवीन लोक हीच पायरी गाळतात आणि सगळ्यात जास्त फायदा हिचाच आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही गोष्ट सांगायची नाही, पोरांनी सांगायची. पण "उभा राहा आणि गोष्ट सांग" म्हटलं की हुशार दोघं सांगतात आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतात. म्हणून आधी जोड्या लावा, एकाने दुसऱ्याला सांगायचं, मग अदलाबदल. वर्गात गोंधळ होईल, होऊ द्या, तो कामाचा गोंधळ आहे, हेडसरांना आधीच सांगून ठेवा.

मग गोष्टीतले प्रसंग चार कागदांवर साध्या रेघांनी काढा, चित्रकला यायची गरज नाही, म्हातारी, वाघ, लेकीचं घर, भोपळा. कागद उलटसुलट ठेवा आणि पोरांना क्रम लावायला सांगा. जो क्रम लावतो त्याने एकेक वाक्य बोलायचं. लाजरं पोरगं असेल तर त्याला भोपळा करा, त्याला फक्त "टुणुक टुणुक" एवढंच म्हणायचं असतं आणि ते सगळ्यांसोबत म्हणायचं असल्यामुळे तो म्हणतो. पुढच्या आठवड्यात त्याला वाघ करा.

इथे पोरं गोष्ट बदलतात, आणि बदलू द्यायची. दिंडोरी रस्त्याकडच्या एका वर्गात म्हातारीची गोष्ट चालली होती, दुसरीतली एक मुलगी, आईबाप द्राक्षबागेत कामाला, एरवी हजेरीला "हजर"सुद्धा पुटपुटत म्हणणारी, ती एकदम म्हणाली "बाई, वाघ नव्हता, बिबट्या होता. उसात बसेल होता." वर्ग एकदम जागा झाला. कोणी म्हणे आमच्या कुत्र्याला त्यानेच नेलं, कोणी म्हणे वनखात्याने पिंजरा लावला होता, कोणी म्हणे मग म्हातारी टॉर्च घेऊन गेली असंल. ती मुलगी मात्र आपली गोष्ट सोडेना, बिबट्या उसात, म्हातारी पायवाटेवर, आणि भोपळ्याचा आवाज आला म्हणून बिबट्या घाबरून पळाला, कारण "बिबट्या आवाजाला भितो ना, आमचे पप्पा डबा वाजवतात". आता हे सगळं तिचं स्वतःचं आहे, तिच्या शब्दांत आहे, कारणासकट आहे. वाचायला शिकवायला यापेक्षा चांगला धडा कुठून आणणार?

पायरी ४ : बोललेलं फळ्यावर उतरवा

तो धडा असा तयार होतो. पोरं सांगतात आणि तुम्ही फळ्यावर लिहिता. चार-पाच ओळी, त्यापेक्षा जास्त नाही.

म्हातारी निघाली.
उसात बिबट्या बसला होता.
बिबट्या म्हणाला, मी तुला खातो.
चल रे भोपळ्या टुणुक टुणुक.
बिबट्या घाबरून पळाला.

लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत लिहा, म्हणजे बोललेलं कागदावर कसं येतं हे पोरांना डोळ्यांनी दिसतं. दोन शब्दांत जागा नेहमीपेक्षा जास्त सोडा. नवीन लोक नेहमी विचारतात की पोरगं "बसेल होता" म्हणालं तर काय लिहायचं? मी वाक्य त्याचंच ठेवते, क्रम त्याचाच ठेवते, आणि असं एखादं रूप असेल तर त्याला विचारते, "पुस्तकात 'बसला होता' लिहितात, तसं लिहू का?" बहुतेक वेळा हो म्हणतात. पण अख्खं वाक्य आपल्या पुस्तकी भाषेत फिरवून टाकलं तर ते वाक्य त्या पोराचं राहत नाही आणि मग वाचताना ते परत अडखळायला लागतं.

आता पट्टी घेऊन एकेका शब्दाखाली धरत सगळ्यांनी मिळून वाचा. मग एकेकाने पुढे येऊन वाचायचं. मग ओळी कागदाच्या पट्ट्यांवर लिहून क्रम लावायचा. मग पट्ट्या कापून शब्द सुटे करायचे आणि परत वाक्य जुळवायचं. शेवटी शब्दातल्या अक्षरांकडे यायचं, ब कुठे कुठे आहे शोधा, भ कुठे आहे, बोलताना दोघांत काय फरक वाटतो, तोंडासमोर तळहात धरून बघा, भ म्हणताना हवा जास्त लागते. वेलांटी शोधा. मात्रा शोधा.

एक गंमत बघा, वरच्या पाच ओळींत म्हातारी, बिबट्या, म्हणाला, भोपळ्या असे जोडाक्षरांचे शब्द आपोआप आलेत. एरवी जोडाक्षरं म्हणजे मोठा डोंगर, ती नंतर, असं धरून चालतात, पण म्ह आणि ट्या शिवाय आपण मराठीत दोन मिनिटंही बोलू शकत नाही. गोष्टीतला शब्द पोरं आधी अख्खा ओळखतात आणि त्याची फोड नंतर कळते, त्यामुळे घाबरत नाहीत.

पाठ झालंय की वाचतोय हे कसं ओळखायचं? याला साधी युक्ती आहे. पोरं नसताना फळ्यावरची ओळ थोडी बदलून ठेवा, "चल रे कांद्या टुणुक टुणुक". जो वाचतोय तो कांद्याला थांबतो आणि हसतो. जो "भोपळ्या" म्हणून पुढे जातो तो अजून पाठ म्हणतोय, त्याला कमी लेखायचं नाही, फक्त त्याच्यासोबत शब्दपट्ट्यांचं काम अजून दोन दिवस करायचं. पोरांना ही युक्ती इतकी आवडते की नंतर तीच एकमेकांसाठी ओळी बदलून ठेवतात, आणि त्यात त्यांचं लिहिणं होतं.

हे सगळं करताना अक्षरं शिकवणं बंद करायचं नाही. अक्षर-आवाजाची जोडी, स्वरचिन्हं, यासाठी रोजची वीस मिनिटं वेगळी ठेवा आणि ती नेटाने शिकवा. गोष्टीमुळे अक्षरांना काम मिळतं, अक्षरांमुळे गोष्ट वाचता येते. कोणी सांगितलं की नुसत्या गोष्टी ऐकून पोरं आपोआप वाचायला लागतील, तर विश्वास ठेवू नका, काही थोडी लागतात, बाकीची मागे पडतात आणि मागे पडणारी नेमकी तीच असतात ज्यांच्या घरी पुस्तक नाही.

पायरी ५ : त्यांच्या कागदावर

आधी चित्र, मग चित्राखाली एक ओळ. पहिलीतलं पोरगं "मातारी" लिहील, "बीबटा" लिहील. लाल पेन बाजूला ठेवा. "मातारी" म्हणजे त्याने म, त, र चे आवाज बरोबर पकडलेत, दोन्ही काने बरोबर दिलेत, वेलांटीपण दिलीय, फक्त "म्हा"तला ह सुटलाय. खाली पेन्सिलने नीट शब्द लिहून द्या आणि त्या दिवशी एकच गोष्ट सुधारा. पाच चुका दाखवल्या की पुढच्या वेळी ते पोरगं एवढंच लिहितं जेवढं त्याला नक्की येतं, आणि मग लिखाण तिथेच अडकतं.

तिसरी-चौथीला शेवट बदलायला सांगा, गोष्ट वाघाच्या बाजूने सांगायला सांगा, म्हातारीने घरी पोचल्यावर लेकीला काय निरोप पाठवला असेल तो लिहायला सांगा, आता तो व्हॉट्सअपवर पाठवला असं म्हणाले तरी चालेल. दोन इयत्ता एकत्र बसत असतील, आणि आपल्याकडे बऱ्याच शाळांत बसतात, तर मोठ्यांना लेखनिक करा. लहान पोराने सांगायचं, चौथीतल्याने लिहून घ्यायचं आणि परत वाचून दाखवायचं. दोघांचं काम होतं आणि तुम्हाला वीस मिनिटं मोकळी मिळतात.

पुस्तक करायला ए-फोर कागद दोनदा दुमडा, वरची घडी कापा, मधे सुई-दोऱ्याने टाका घाला, आठ पानांचं पुस्तक तयार. पहिल्या पानावर गोष्टीचं नाव आणि पोराचं नाव ठळक. वर्गात सुतळी बांधून त्यावर टांगा. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, सगळीकडे मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम असतात, त्या दिवशी पाठ केलेली भाषणं करवून घेण्यापेक्षा पोरांना आपापलं पुस्तक दुसऱ्या वर्गात जाऊन वाचू द्या.

आठवडा कसा बसवायचा

सोमवारी सांगणं, मंगळवारी पोरांचं सांगणं, बुधवार-गुरुवार फळा आणि पट्ट्या, शुक्रवारी लिहिणं, शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा एकमेकांची पुस्तकं वाचणं. रोज अर्धा-पाऊण तास. सणावारात एखादा दिवस गेला तरी बिघडत नाही, फक्त मंगळवारचं काम गाळू नका.

वाचायला अजून पुस्तकं लागतील. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर म्हणून संकेतस्थळ आहे, त्यावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, वाचायच्या पातळीप्रमाणे लावलेल्या असतात आणि प्रिंटही काढता येतात, नवशिक्यांना पहिल्या पातळीच्या द्या. शहरात असाल तर १८४० सालापासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, पोरांना एकदा तिथे घेऊन जा, एवढी पुस्तकं एका जागी बघणं हेही शिकणंच आहे. मोबाईलवर गोष्टीचा व्हिडिओ लावून देणं मात्र टाळा, व्हिडिओत वाघ आयता दिसतो, पोराला काही बोलावं लागत नाही आणि आपल्याला नेमकं ते बोलायलाच हवंय.

घरून मदत घ्यायची तर आई-वडिलांना अक्षर यायची गरज नाही. "आजीकडून एक गोष्ट घेऊन ये" एवढाच गृहपाठ द्या. आज्यांकडे सप्तशृंगीच्या, त्र्यंबकच्या, भुताखेताच्या, दुष्काळातल्या इतक्या गोष्टी असतात की वर्षाचा साठा होतो. गंगापूर रोड, इंदिरानगरकडे इंग्लिश मीडियमची पोरं मराठी फाडफाड बोलतात पण वाचता येत नाही, त्यांच्यासाठीही हाच मार्ग आहे, उलट त्यांचं लवकर होतं कारण शब्द तोंडात तयार असतात.

प्रगती बघायला मोठी परीक्षा नको. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं ध्येय आहेच, त्यासाठी महिन्यातून एकदा प्रत्येकाला शेजारी बसवून असर या वाचन-गणिताच्या पाहणीतल्या चाचणीसारखं करा, अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, मग गोष्ट, पोरगं कुठे थांबतं ते वहीत तारखेसकट लिहा. सोबत अजून एक नोंद ठेवा, या महिन्यात ते स्वतःहून किती बोललं. माझा अनुभव असा की ही दुसरी नोंद आधी हलते आणि वाचन तिच्या मागून येतं.

दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून कुटुंबं निफाड-दिंडोरीत उतरतात आणि वर्गात मधेच नवीन पोरं येतात. धडा बारावर आलेला असतो आणि त्यांचा तिसराही झालेला नसतो. अशा पोराला पहिल्या दिवशी पुस्तक देऊ नका, चालू आठवड्याच्या गोष्टीत सरळ बसवा आणि भोपळा करा. गोष्टीत मागचा धडा येत नाही म्हणून कोणी बाहेर राहत नाही. हंगाम संपून ती परत जातात तेव्हा शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाचं शिक्षण दुसऱ्या शाळेत चालू राहावं म्हणून असतं ते) द्यायचंच, पण त्यासोबत त्याने केलेली सगळी छोटी पुस्तकं द्या आणि शेवटच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर तिकडच्या बाईंसाठी दोन ओळी लिहा, याला कुठपर्यंत वाचता येतं, कोणती गोष्ट आवडते आणि घरी कोणती भाषा बोलतो.